उंबऱ्याबाहेरचं धुपाटणं

त्या दिवशी खोलीत कोण कोण होतं ते आधी लिहिते. म्हणजे मागाहून कोणी म्हणायला नको की म्हातारीला काय आठवतंय.

खाटेवर पडद्याआड मामंजी, आपले सासरे. थोरले भावजी, तुझे यजमान. आमचे हे, भावजींचे धाकटे भाऊ. ह्या दोघांची बहीण कुसुम, आपली नणंद. तिला बघायला आलेले घाटकोपरचे मास्तर, त्यांची बायको आणि त्यांचा मुलगा. तू. मी. आणि शेवटी न बोलावता आलेल्या टोकाच्या खोलीतल्या अनसूयाबाई. दहा माणसं. तुझी दोन पोरं नाताळच्या सुट्टीत मामाकडे गेली होती म्हणून, नाहीतर पाय ठेवायला जागा नव्हती.

त्या दहातली आता मी उरले आणि कुसुम उरली. त्या मुलाचं मला माहीत नाही. असला तर म्हातारा झाला असेल. परवापर्यंत तू होतीस.

वैनी, तुला जाऊन आज अकरा दिवस झाले. तुझ्या नातसुनेने मला वही दिली. म्हणाली, "आजी, काय मनात असेल ते लिहा, बरं वाटेल." बरं वाटायला नाही लिहीत. माझी शाळा चौथीपर्यंत. अक्षर कोंबडीच्या पायासारखं, तूच म्हणायचीस. पण हे तोंडाने सांगायला साठ वर्षं होती, तेव्हा जमलं नाही. आता पेन्सिलीने बघते.

पहिल्या वर्षी मी तुला "अहो जाऊबाई" म्हणायचे. तू नळावर हंडा लावून म्हणालीस, "अगं, अहो-जाहो करेपर्यंत पाणी जाईल. तू म्हण मला." तेव्हापासून तू. आणि कुसुम वैनी म्हणायची म्हणून मी पण वैनी.

मी लग्न होऊन मुलुंडला आले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. चोपन्न-पंचावन्न साल असेल, नीट सांगता येत नाही. डोंगराच्या अंगाला बैठी चाळ, वर कौलं, मागे तबेला. रुळाच्या पलीकडे खाडीपर्यंत भातशेती आणि मिठागरं. आता तिथे चौदा मजले झालेत. मामंजी गिरणीतून कायमचे घरी आले ते छाती घेऊनच आले. खोकला आणि दम. मग कमरेतून गेले आणि खाटेला लागले. पडून पडून पाठीला जखमा झाल्या. एक भरली की दुसरी. त्या जखमांचा वास मी ह्या वहीत लिहिणार नाही, ज्याने घरात असं माणूस काढलंय त्याला माहीत आहे. एक खोली, त्यातच चूल, त्यातच मोरी, त्यातच आठ माणसं. जेवताना घास हातात धरून मी दाराकडे तोंड करायचे. तू नाही केलंस कधी. कडुलिंबाचा पाला उकळून त्या पाण्याने तू त्यांच्या जखमा धुवायचीस, आणि धुताना त्यांच्याशी गावच्या गजाली करायचीस. कोणाच्या आंब्याला मोहोर आलाय, कोणाची म्हैस व्यालीय. त्यांना वाटायचं, सून गप्पा मारायला बसलीय.

मला किळस यायची. आज लिहून ठेवते. तेव्हा मी कबूल केलं नसतं.

मार्गशीर्ष लागला तेव्हा तू धुपाचं काढलंस. मी डॉक्टरीणबाईंच्या बंगल्यावर भांडी घासायला जायचे. थंडीत त्यांच्याकडे संत्र्यांची टोपली यायची. सालं फेकून द्यायच्या त्या. मी ओच्यातून घेऊन यायचे. तू म्हणालीस, "टाकू नकोस, सुपात पसर." तीन-चार दिवसांत सालं कडक झाली, चिमटीत मोडली की नाकात जायची. मग आपण दोघी आणि कुसुम, तिची शाळा नाताळची बंद होती, रूळ ओलांडून शेतात गेलो. भात कापून झालं होतं. बांधाला लव्हाळा उगवतो ना, त्याच्या मुळाशी काळ्या गाठी असतात. दुकानदार त्यालाच नागरमोथा म्हणून विकतो. खुरप्याने त्या खणल्या. चिखलात बसून कुसुम हसत होती, "बघायला येणाऱ्यांना सांगा, मुलीला शेतकाम येतं." तू तिच्या नाकाला चिखल लावलास.

मग खलबत्ता. सालं, नागरमोथा, तुळशीच्या वाळलेल्या मंजिऱ्या, थोडी राळ. कुटायचं, फडक्यातून गाळायचं. तबेल्यातल्या एकुलत्या गाईच्या शेणाची गोवरी चुरून त्यात घालायची. गुळाचं पाणी आणि थेंबभर तूप घालून मळायचं, आणि अंगठ्याएवढ्या वड्या वळायच्या. गवती चहाची पात तू वेगळी ठेवायचीस. तुझं म्हणणं, नागरमोथा सावलीत वाळवायचा. माझं म्हणणं, उन्हात, नाहीतर बुरशी धरते. ह्यावरून आपण म्हाताऱ्या होईपर्यंत भांडलो. परवाच्या दिवाळीला सुद्धा तू मला म्हणालीस, "उन्हात वाळवलास ना? अर्धा वास कावळ्यांना वाटलास." मी काहीतरी बोलणार होते, तेवढ्यात तुला औषध द्यायला कोणी आलं. ते भांडण तसंच राहिलं. मी इतकी वर्षं उन्हातच वाळवला, वैनी. तू बरोबर असशील.

कुसुमला बघायला मास्तर येणार ते त्याच सुट्टीत ठरलं, कारण शाळा बंद असल्याशिवाय त्यांना सवड नव्हती. मुलगा कचेरीत लागलेला. आपल्यासारख्यांच्या घरी असं स्थळ आपणहून चालून आलेलं. भावजींनी बजावलं, चाळीत कोणाला बोलायचं नाही. आधीची दोन स्थळं कोणीतरी कान भरून मोडली, असं त्यांच्या डोक्यात होतं. आपण कोणाला बोललो नाही. तीच तर चूक झाली.

आदल्या दिवशी आपली दोघींची जुंपली. माझं म्हणणं, मामंजींना पडद्याआड ठेवू आणि घरभर धूप करू. तुझं म्हणणं दोन्ही नाही.

"त्यांची मुलगी आहे. ते पुढ्यात बसतील. मी त्यांना धुतलेला सदरा घालते, पाठीला उशी देते."

"अगं पण वास?"

"वास आहे तर आहे. म्हाताऱ्या माणसाच्या घरात वास असतो. त्यांच्याकडे काय माणसं म्हातारी होत नाहीत?"

"तुझं काय जातंय बोलायला. कुसुमचं लग्न मोडलं तर?"

"आणि धूर केलास तर ते खोकून मरतील. धूप देवापुढे लावायला केलाय. उद्या त्याला हात लावायचा नाही. मी पातेल्यात सालं उकळत ठेवते. त्याला धूर नाही."

मग भावजी माझ्या बाजूने बोलले. पडद्याचं ठरलं. तुझं जुनं हिरवं पातळ सुतळीवर टाकलं. धुपाचं मात्र तू ऐकलं नाहीस. धूर नाही म्हणजे नाही.

सकाळी शेगडीवर तू पाणी ठेवलंस. त्यात संत्र्याची सालं, गवती चहा, दोन लवंगा आणि दालचिनीचा एक तुकडा. ती दालचिनी तू कुठून आणलीस, मी कधी विचारलं नाही. मंद, ओला वास यायला लागला. चांगला होता. पण मला पुरेसा वाटला नाही. माझ्या नाकात बंगल्यावरचा वास होता. तिथे तिन्हीसांजेला डॉक्टरीणबाई धूप फिरवायच्या तेव्हा सगळं घर कसं देवळासारखं व्हायचं. मला वाटलं, आमचं पण घर तासभर तसं होऊ दे.

भावजी आणि हे पाहुण्यांना आणायला स्टेशनवर गेले. कुसुम मोरीच्या कोपऱ्यात पातळ नेसत होती. चहाला दूध कमी पडेल म्हणून तू लोटा घेऊन तबेल्यात गेलीस.

आता लिहिते ते कोणालाच माहीत नाही. अर्धं तुला माहीत होतं. अर्धं तुला पण नाही.

मी धुपाटणं काढलं. शेगडीतले निखारे त्यात घेतले आणि वड्या ठेवल्या. एक नाही, चार. मग पडद्याच्या आत गेले आणि मामंजींना म्हणाले, "मामंजी, पाहुणे जाईपर्यंत खोकला धरून ठेवा हं. कुसुमसाठी."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. लहान मुलाला सांगितल्यावर ते हलवतं तशी.

दाराचं एक कवाड मी लोटून घेतलं. पाहुणे आले तेव्हा खोलीत निळा धूर होता. मास्तरांची बायको बसता बसता म्हणाली, "छान वास आहे हो." मला इतकं बरं वाटलं, काय सांगू. पडद्याआडून एक आवाज नव्हता.

तू दूध घेऊन आलीस. दारातच थांबलीस. आधी धुपाटण्याकडे बघितलंस, मग माझ्याकडे. लोटा खाली ठेवलास, पदराने धुपाटण्याचा दांडा धरलास आणि ते उचलून उंबऱ्याबाहेर नेऊन ठेवलंस, धूर आत येऊ नये म्हणून. सगळ्यांनी बघितलं ते एवढंच. धुपाटणं, आणि तुझा हात.

आता चाळीने काय बघितलं ते बघ. भर दुपारची वेळ. तात्या, मामंजींना चाळीत तात्या म्हणायचे, तात्या आज जातील की उद्या, असं महिनाभर सगळे म्हणत होते. आणि दार अर्धं लोटलेलं, बाहेर परक्या पुरुषांच्या चपला, आणि उंबऱ्याबाहेर विस्तव ठेवलेला, त्यावर धूप. माणूस गेल्याशिवाय आपल्यात दाराबाहेर विस्तव कोण ठेवतं? मी नवीन होते, पण हे काय मला माहीत नव्हतं का? तुला पण माहीत होतं. घाईत दोघींच्या डोक्यात आलं नाही.

कुसुम पोह्यांच्या बश्या देत होती. मास्तरांनी विचारलं, "शिवणकाम येतं का?" ती तोंड उघडणार तेवढ्यात अनसूयाबाई दारातून आत. डोक्यावरून पदर घेतलेला. आल्या त्या मटकन खाली बसल्या आणि त्यांनी हंबरडा फोडला.

"तात्याऽऽ! अहो कसे हो गेलात! चार दिवस सुनेच्या हातचं खायचं होतं, आणि असे कसे गेलात हो!"

मागे दारात आणखी दोघी-तिघी उभ्या, डोळ्यांना पदर लावून. मास्तरांच्या हातात पोह्यांचा चमचा तसाच. भावजी उठून उभे राहिले.

आणि मग पडद्याआडून मामंजी बोलले.

"अगे अनसूये, रडतंस कित्याक? मी जितो आसंय अजून. माका पडद्याआड घालून ठेवल्यानी, म्हणान दिसनंय नाय."

दुसरी वेळ असती तर हसले असते सगळे. मला वाटतं तो मुलगा हसणार होता. पण बोलायला तोंड उघडलं आणि मामंजींचा खोकला सुटला. इतका वेळ धरून ठेवलेला. असा खोकला मी जन्मात ऐकला नाही. आधाराला त्यांनी पातळ धरलं आणि सुतळीसकट पडदा खाली आला. मग सगळंच सगळ्यांना दिसलं. मास्तरांच्या बायकोने नाकाला पदर लावला. मी तिला दोष देत नाही, मी रोज तेच करत होते.

तू धावलीस. पण तुझ्या आधी तो मुलगा उठला. त्याने मामंजींच्या पाठीला हात दिला, पाठीच्या जखमा सांभाळून, आणि त्यांना बसतं केलं. तुला म्हणाला, "पाणी द्या." तू पाणी दिलंस, त्याने ते पाजलं. कुसुम भिंतीला टेकून त्याच्याकडे बघत होती. तिच्या हातात बशी होती. तिने ती किती वेळ धरली होती कोण जाणे.

मास्तर हात जोडून म्हणाले, "कळवतो." चार दिवसांनी कार्ड आलं, पत्रिका जुळत नाही.

कार्ड वाचून भावजींनी विचारलं, "त्या दिवशी धूप कोणी घातला?" कुसुम तिथेच तांदूळ निवडत होती. आमचे हे पण होते. ह्यांचा राग तुला माहीत होता. मी काही बोलायच्या आधी, खरं म्हणजे मी बोलणारच नव्हते, तू म्हणालीस, "मी."

एवढंच. "मी." आणि पीठ मळत राहिलीस.

भावजी तुला काय काय बोलले ते मी लिहीत नाही. तू मान वर केली नाहीस. मी चुलीत फुंकर घालत बसले. जाळ लागलेला होता, तरी फुंकत बसले.

कुसुम एकच वाक्य बोलली. "वैनी, तुझ्या धुराने माझं घर गेलं." आणि परत तांदूळ निवडायला लागली.

पुष्कळ वर्षांनी मी तुला विचारलं होतं, का गं मी म्हणालीस? तेव्हा आपल्या दोघींचे केस पांढरे होते. तू शेंगा सोलत होतीस. म्हणालीस, "तुला वर्ष झालं नव्हतं लग्नाला. मूल नाही, बाळ नाही, माहेरी आई नाही. तुझ्या नवऱ्याने तुला धाडली असती तर कुठे गेली असतीस? माझी दोन पोरं होती, मला कोण काढतंय?" वर म्हणालीस, "शेंगा खा, बघतेस काय." मी शेंगा खाल्ल्या. तेव्हा म्हणायला हवं होतं काहीतरी. मला वाटतं तू वाट बघत होतीस. की नव्हतीस? आता कोणाला विचारू.

मामंजी संक्रांतीच्या आदल्या दिवशी सकाळी गेले. खरंच गेले. तू उंबऱ्याबाहेर विस्तव ठेवलास. अनसूयाबाई तासभर आल्या नाहीत. मग आल्या आणि दारातच थांबून भीत भीत विचारलं, "पाहुणे नाहीत ना गं आज?" तू नाही म्हणून मान हलवलीस आणि मग पहिल्यांदा रडलीस. त्या बाईला धरून रडलीस. मी लांब उभी होते.

ते जायच्या दोन दिवस आधी मी मामंजींना भात भरवत होते. पडद्यानंतर मी भरवायला लागले होते, तू बघितलं होतंस. ते मला म्हणाले, "खोकलो धरून ठेवलेलंय गे, पण सुटलो." जसं काही त्यांचीच चूक. मग म्हणाले, "वास मात्र बरो होतो, धाकटे." मी घास पुढे केला. हे तुला कधी सांगितलं नाही. खोकला धरायला मी सांगितलं होतं, ते पण नाही. तुला वाटायचं, म्हातारा आपणहून गप्प राहिला. तू लोकांना कौतुकाने सांगायचीस. मी ऐकून घ्यायचे.

दोन वर्षांनी कुसुमचं लग्न झालं. बोरीवलीला, बिजवराशी. त्याची आधीची दोन मुलं. माणूस वाईट नव्हता, पण तो पाठीला हात देणारा नव्हता. निघताना कुसुम माझ्या पाया पडली. तुझ्या पडली नाही, तुझ्या बाजूने सरळ पुढे गेली. तू तिच्या ओटीचा नारळ धरून उभी होतीस. तो मग माझ्या हातात दिलास, "तू घाल ओटी." मी घातली. मी घातली, वैनी.

नाताळची सुट्टी लागली की तू दरवर्षी सालं सुपात पसरायचीस. मुलं सुट्टीची घरात, त्यांना पण वड्या वळायला बसवायचीस. "पाळणाघर उघडलंय मी," म्हणायचीस. आणि वड्या वाळल्या की एक डबा भरून माझ्याकडे द्यायचीस. "बोरीवलीला पाठव. माझं नाव सांगू नको." मी पाठवायचे. कुसुमकडे कधी गेले की तिच्या घरात तोच वास. ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "आमच्या धाकट्या वैनीच्या हातचा आहे." मी बसलेली असायचे. चहा प्यायचे आणि यायचे.

इतकी वर्षं. ती तुला हळदीकुंकवाला बोलवायची नाही, आणि तुझ्या हाताच्या वासात बसून माझं कौतुक करायची.

ह्या वर्षी तू खाटेला लागलीस. मुलगा, सून, नातसून, सगळे चांगले, वेळेवर औषध, वेळेवर पुसणं. भिंतीच्या प्लगात वासाची बाटली लावलेली, ती आपली आपण फुसकारायची. तू म्हणालीस, "ती मांजर बंद कर गं, सारखी शिंकते." मी बटण बंद केलं. मग एकदा तुझ्या नातवाचे मित्र यायचे होते तेव्हा सुनेने तुझ्या खाटेभोवतीचा पडदा ओढला. वाईट हेतूने नाही. तुझी अब्रू राहावी म्हणून. तू माझ्याकडे बघितलंस फक्त. मी उठले आणि पडदा ओढून टाकला. सून म्हणाली, "काकू, लोक येतायत." मी म्हटलं, "येऊ देत. ही घरातली मोठी आहे. ही दिसली पाहिजे."

तू हसलीस. तुझे दात नव्हते, तरी मला तुझी नळावरची हसायची तऱ्हा दिसली. म्हणालीस, "आलं गं तुला, धाकटे. उशिरा आलं."

त्यानंतर नऊ दिवस होतीस. मी खिडकीत सालं पसरली होती. तू विचारलंस, "बोरीवलीला डबा गेला का?" मी म्हटलं, "वाळल्या की पाठवते." तू म्हणालीस, "नाव नको सांगू."

तेव्हा सुद्धा.

तू गेल्याचं बोरीवलीला फोन करून कळवलं. कुसुमला आता डोळ्यांनी दिसत नाही. तिच्या सुनेने निरोप दिला, आईंना येववत नाही. तुला उचलून नेताना मी दाराकडे बघत होते. आली नाही. तिचं काय चुकलं? तिला जे माहीत आहे त्याच्यावर ती चालली.

मी तुझं सगळं ऐकलं, वैनी. नागरमोथ्याचं सोडलं तर सगळं. ह्या वेळी नाही ऐकणार. तू रागावलीस तर रागाव, आता मला भेटायला यायला तुला वेळ आहे का नाही माहीत नाही.

वड्या काल वाळल्या. ह्या वेळी नागरमोथा सावलीत वाळवला, आठ दिवस जास्त गेले. डबा भरला आहे. तुझा तोच पत्र्याचा, झाकणावर पोपट असलेला. ही पानं वहीतून फाडून मी त्याच्यात वड्यांच्या वर ठेवते आहे. कुसुमच्या घरात ज्याच्या हाती हा डबा पडेल, मुलगा असो, सून असो, नातवंड असो, त्याला माझं एवढंच सांगणं आहे.

कुसुमला समोर बसवा आणि हे मोठ्याने वाचून दाखवा. तिला ऐकू चांगलं येतं. धूप धाकटीने घातला होता, थोरलीने नाही, हे दोनदा वाचा. मध्ये ती उठून गेली तर जाऊ द्या. परत आली की जिथे थांबलात तिथून पुढे वाचा. आणि वाचून झाल्याशिवाय वडी पेटवू नका.